नाव वाचता येतं तोवर

प्लास्टिकला मरण नाही, असं डॉक्टर जसिंता यांनी चिप्पित्तुरुत्त बेटावरच्या चर्चच्या सभागृहात अतिशय गंभीरपणे सांगितलं, आणि त्याच क्षणी ट्रस्टी पास्कल यांच्याखालची प्लास्टिकची खुर्ची मोडली.

सभा थोडी थांबली. पास्कलना दोघांनी उचललं. खुर्ची मागच्या कबरस्तानाच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आली, कारण निकामी झालेलं सगळं तिकडेच नेण्याची बेटावरची पद्धत होती. मग जसिंताबाई म्हणाल्या, मी हेच सांगतेय. खुर्ची मोडली, मेली नाही. तिचे तुकडे होतील, तुकड्यांचे कण होतील, कण अष्टमुडी सरोवराच्या पाण्यात जातील, पाण्यातून शिंपल्यांत आणि शिंपल्यांतून तुमच्या ताटात. समोर बसलेली सगळी माणसं शिंपल्या काढूनच पोट भरत होती. त्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. ताटात काहीतरी जाणार आहे हे ऐकून कोणाला वाईट वाटत नाही.

बाई तिरुवनंतपुरमहून आल्या होत्या आणि त्यांच्याजवळ उपाय होता. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून निघालेली एक पांढरी पूड. ऊन पडलं की ही पूड जागी होते, त्या म्हणाल्या. प्लास्टिकचा कण तिला चिकटला की त्याला कुरतडत जाते, कुरतडत जाते, आणि शेवटी हवा आणि पाणी, एवढंच उरतं. ऊन गेलं की झोपते. तिचं स्वतःचं काही खर्च होत नाही.

मागून कोणीतरी विचारलं, विषारी आहे का. छे, बाई हसल्या. ही घरच्या रंगात असते, टूथपेस्टमध्ये असते. त्या पुडीत आणि हिच्यात फरक इतकाच, की ही जास्त बारीक आहे आणि जास्त जागी.

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, पण घरी नेलं ते एकट्या लाझरने.

लाझर त्या चर्चचा कप्यार होता. म्हणजे घंटा तोच वाजवायचा, मेणबत्त्या तोच विझवायचा, कबरी तोच खणायचा आणि पाद्री विल्फ्रेड अच्चन यांचा चष्मा हरवला की तोही तोच शोधायचा. चर्चमागच्या खाडीत बाईंनी पूड लावलेल्या काचांचे तराफे सोडले आणि उरलेल्या पुडीचं पिंप चर्चच्या कोठीत ठेवलं, तेव्हा कोठीची किल्ली साहजिकच लाझरच्या कमरेला होती.

बेट एवढंसं. मरणं मात्र बेटाचा आकार बघून येत नाहीत. त्यामुळे ग्रॅनाइटच्या चार-पाच श्रीमंत कबरी सोडल्या, तर बाकीच्या जागा फिरत्या होत्या. जुन्याला काढायचं, अस्थी कोपऱ्यातल्या अस्थिविहिरीत सोडायच्या, नव्याला ठेवायचं. पण कुठल्या जुन्याला काढायचं यावरून पूर्वी डोकी फुटत. म्हणून कोणा शहाण्या अच्चननी कधीकाळी नियम घालून दिला होता: नाव वाचता येतं तोवर कबर उघडायची नाही. तेव्हापासून सर्व मृतांचा दिवस जवळ आला की घरोघरची माणसं काळ्या तेलरंगाचा डबा घेऊन कबरस्तानात येत आणि आपापल्या माणसाचं नाव गिरवून जात. ज्याचं गिरवायला कोणी उरलं नाही, त्याचं नाव दोन पावसाळ्यांत जाई. चिप्पित्तुरुत्तवर माणूस दोनदा मरत असे, आणि दुसऱ्यांदा रंगाअभावी.

लाझरची बायको एमिल्डा तिथेच होती, मधल्या रांगेत, भिंतीकडून तिसरी. तिला जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिचं नाव गिरवणारा लाझर एकटाच, आणि तो ते दर दोन महिन्यांनी गिरवी. क्रूसाच्या खोबणीत तिचा प्लास्टिकमध्ये बंद केलेला फोटो होता. आयुष्यात तिचा फोटो निघाला एकदाच, निवडणूक कार्डासाठी. तोच मोठा करून आणलेला. त्यामुळे चेहऱ्यावर भाव असा, की नुकतंच कोणीतरी तिला पकडून आणलंय आणि कशाबद्दल ते सांगत नाहीये. कार्ड तिच्याबरोबरच गेलं. जिवंतपणी ते तिच्या ब्लाउजात असायचं, अंघोळ घालणाऱ्या बायकांनी ते परत तिथेच खोचलं, आणि लाझरच्या लक्षात आलं तेव्हा वर माती पडली होती.

कबरींना दरवर्षी चुना लागे. तोही कप्यारच लावी. शिंपल्या जाळून, भिजवून, घोटून केलेला चुना, आणि काथ्याचा कुंचला. त्या वर्षी मात्र चुना पिवळट निघाला. आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. अशा रंगात एमिल्डाला ठेवायचं लाझरच्या जिवावर आलं. मग त्याला टूथपेस्ट आठवली.

पिंपातली पूड कमी झालेली कोणाला कळणार नव्हतं. त्याने एका मडक्यातला चुना पत्र्याच्या बादलीत ओतला, वर पूड टाकली आणि काठीने ढवळलं. बादलीकडे बघवेना इतका तो पांढरा झाला. मधली रांग, तिची भिंत आणि आजूबाजूच्या कबरी त्याने त्या चुन्याने रंगवल्या. फोटोंवर उडालेले शिंतोडे पुसायला नेसायच्या जुन्या मुंडूचा तुकडा फाडून घेतला, तो त्याच बादलीत बुचकळून. एमिल्डाचा फोटो त्याने दोनदा पुसला.

सर्व मृतांच्या दिवशी लोक आले आणि थक्क झाले. नावं गिरवली गेली. प्लास्टिकच्या फुलांची चक्रं क्रूसांना टेकली, गुलाबी, जांभळी, आणि निसर्गाने अजून न काढलेल्या एका निळ्या रंगाची. अच्चननी प्रवचनात सांगितलं की शुभ्रता ही आत्म्याची असते. पास्कल म्हणाले, असेल, पण कप्यारने यंदा चुना बरा मिळवला.

त्यानंतरचा पाऊस पडून गेला. दरवर्षी त्या पावसाने कबरींवर हिरवं शेवाळ धरतं. यंदा धरलं नाही. पावसाळी काळ्या रेघाही उमटल्या नाहीत. बाकीचं कबरस्तान ओलं आणि मळकं, आणि मधली रांग मात्र धुऊन ठेवलेल्या दातांसारखी. मग पाऊस थांबला आणि ऊन सुरू झालं.

ऊन म्हणजे दुपारचं. बेटावरची भुतं आजवर रात्रीची होती, त्यांचं सगळ्यांना अंगवळणी पडलं होतं. हे दुपारी सुरू झालं, जेवणाच्या वेळेला, आणि संध्याकाळी थांबायचं. चक्रं फिकी पडत गेली. गुलाबी आधी, मग जांभळं, शेवटी तो निळा. पण आकार जसाच्या तसा. पाकळी न् पाकळी जागेवर, फक्त पांढरी. मधल्या रांगेतून एक गोडसर, आंबूस वास येई, बंद खोलीत राहून गेलेल्या फळासारखा. वारा नसे. कावळेही तिकडे बसत नसत, पण कावळ्यांची स्वतःची कारणं असू शकतात.

पहिली किंकाळी बर्तिल्लाची. ती रांगेतल्या एका कबरीची विधवा, बेटावर सगळ्यात चांगली मासळीची आमटी करणारी, आणि सहसा न किंचाळणारी. नवऱ्याच्या क्रूसावरचं चक्र सरळ करायला तिने हात लावला आणि चक्र गेलं. पडलं नाही, तुटलं नाही. तिच्या बोटांभोवती खाली बसलं, पिठासारखं, आणि आवाज अजिबात झाला नाही. ती नंतर सांगायची, आवाज झाला असता तर मी ओरडले नसते.

मग लोक बघायला लागले आणि बघायला लागल्यावर पुष्कळ दिसायला लागलं. नावांचा काळा रंग करडा झाला होता. बोट फिरवलं की बोटाला अक्षर येई आणि दगडावर राहत नसे. फोटोंवरचं प्लास्टिक दुधाळ होऊन तडकलं होतं. आतले चेहरे मागे सरकल्यासारखे वाटत, दारात उभ्या असलेल्या माणसाने एकेक पाऊल घरात घ्यावं तसे. भिंतीला टेकवलेली पास्कल यांची खुर्ची अजून होती, पण भिंतीला जिथे तिची पाठ लागत होती तिथली पाठ नव्हती.

बेटावर दोन पक्ष झाले. एक म्हणे, मेलेल्यांना खोटी फुलं नको झालीत. दुसरा म्हणे, त्यांना आपणच नको झालोय. अच्चननी तिसरं मत दिलं नाही, कारण दुपारच्या प्रार्थनेला अनेक वर्षांनी गर्दी होऊ लागली होती.

लाझरला पक्ष नव्हता. त्याला एमिल्डा होती, आणि ती सगळ्यांच्या आधी जात होती. शेजारच्या कबरीवरचं नाव करडं होतं, तेव्हा तिचं दिसेनासं झालं. त्याने गिरवलं. चार दिवसांत ऊन ते घेऊन गेलं. त्याने जाड गिरवलं, ते सालीसारखं सुटून पडलं. फोटो तो रोज सकाळी पुसू लागला, त्याच फडक्याने, त्याच बादलीत फडकं ओलं करून, पापण्यांपाशी हलक्या हाताने. जितकं पुसावं तितका चेहरा आत. प्रथम केस गेले, मग कपाळ. शेवटी पांढऱ्यात फक्त ते बावरलेले डोळे राहिले. पकडून आणल्याचा भाव गेला होता. आता ते डोळे ज्याने पकडलं त्याच्याकडे बघत होते.

त्याला कारण माहीत होतं. कारण आमटीच्या डब्यातून यायचं. दर रविवारी बर्तिल्ला आंबट कुडमपुळी घातलेली मासळीची आमटी त्याच्याकडे पाठवी आणि तो रिकामा डबा धुऊन परत देई. यापलीकडे काही नव्हतं, पण एमिल्डाला जिवंतपणीही यापलीकडचं सगळं दिसायचं. त्याने आमटी खाणं बंद केलं. डबा भरलेलाच परत गेला.

बर्तिल्लाने त्याला धक्क्यावर गाठलं. डबा तिच्या हातात होता.

"काय हो लाझरचेट्टा, मीठ जास्त पडलं का?"

"पोट बरं नाही."

"कोणाचं? तुमचं की तिचं?" तिने हनुवटीने कबरस्तान दाखवलं.

लाझर वाकून होडीची गाठ घट्ट करू लागला.

"मला सांगा, माझा फिलिप्पोसपण चाललाय. तोंड अर्धं गेलंय त्याचं. तो कोणाची आमटी खात होता?" असं म्हणून तिने डबा त्याच्या हातात कोंबला आणि ती गेली.

यात तर्क होता, पण लाझर तर्काने चालण्याच्या स्थितीत नव्हता. मात्र त्या दुपारी तो पिंपाचा विचार करत होडी घेऊन खाडीत गेला. जसिंताबाई तराफ्यावर उकिडव्या बसून सुरीने काहीतरी खरवडत होत्या. बघतो तर काचांवर शिंपल्या. शेकड्यांनी, एकीला एक चिकटून, सुखाने.

"बघा तुमच्या शिंपल्या," बाई म्हणाल्या. "मी त्यांना वाचवायला आले आणि यांनी माझ्या काचांवर वस्ती केली. वर शेवाळ, खाली चिखल. ऊन आत जातच नाही."

लाझरने विचारलं, मॅडम, ही पूड रंग खाते का.

"अहो, इथे ती साधा जाळ्याचा धागा खात नाहीये. सहा महिने होत आले. रंग कुठला खाणार."

तो आणखी काही विचारणार होता. चुन्यात मिसळली तर? पण मग पिंप आलं असतं, किल्ली आली असती, पास्कल आले असते. कप्यारचं काम गेलं, तर नाव गिरवायला रोज आत कोण सोडणार होतं? त्याने मान हलवली, बाईंना एक शहाळं दिलं आणि होडी वळवली. वाटेत त्याला बरंही वाटलं आणि जास्त भीतीही वाटली. बाईंनी स्वतः सांगितलं होतं की पूड काही करत नाही. मग करत होतं ते दुसरं कोणी होतं.

मार्चच्या उन्हात पास्कल यांचे वडील मथियास वारले. नव्वदीचे होते, आणि गेली तीन वर्षं जागा नाही म्हणून थांबलेत, अशी बेटावर थट्टा चाले. त्यांच्यासाठी कबर उघडायला हवी होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पास्कल, अच्चन आणि कमिटीची माणसं मधल्या रांगेत येऊन उभी राहिली. डोळे मिचकावल्याशिवाय कोणाला बघता येत नव्हतं. नियम सोपा होता: ज्याचं नाव वाचता येत नाही तो. पास्कल एकेका क्रूसासमोर वाकून मोठ्याने वाचत गेले. फिलिप्पोस, यातलं निम्मं नाव कळत होतं. पलीकडचं एक, फक्त शेवटचं अक्षर. भिंतीकडून तिसऱ्यापाशी ते थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला.

तिथे काही नव्हतं. अक्षर नाही, अक्षराची खूण नाही. खोबणीत दुधाळ चौकोन होता आणि त्यात डोळेही नव्हते. ते आज सकाळी गेले होते, पुसताना.

"ही एमिल्डा आहे," लाझर म्हणाला.

"आम्हाला माहीत आहे रे," पास्कल म्हणाले. "माझ्या लग्नात तिने वाढलंय. पण वाचता येत नाही."

"रोज गिरवतो मी."

"लाझरचेट्टा, मी तीनदा वाचलं. चष्म्याने वाचलं. उद्या मी बापासाठी नियम मोडला तर परवा प्रत्येक जण मोडेल."

अच्चन पायांकडे बघत म्हणाले, की एखाद्याला जायचंच असेल तर आपण किती गिरवणार. हे त्यांनी सांत्वन म्हणून म्हटलं होतं. लाझरला मात्र ते कळल्यासारखं झालं. बारा वर्षं तिला धरून ठेवलं, ती सुटत होती. त्याने कुदळ घेतली. कप्यार तोच होता.

वाळू मऊ होती. वरच्या उन्हातून तो हळूहळू खाली सावलीत गेला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. वरचे आवाज लांब गेले. त्याला फक्त एका गोष्टीची भीती होती. वर तिचं नाव गेलं, चेहरा गेला, फुलं गेली. खाली हात लावला आणि तीही बर्तिल्लाच्या चक्रासारखी बोटांभोवती बसली तर? आवाज न करता? पेटीचं लाकूड केव्हाच कुजलं होतं. त्याने शेवटची वाळू हातांनी बाजूला केली आणि डोळे मिटून हात आत घातला.

हाताला साडी लागली.

त्याने डोळे उघडले. गुलाबी नायलॉनची साडी, जशी होती तशी. काठाची जर तेवढी काळी पडलेली. हाडांभोवती नीट गुंडाळलेली. गळ्यातली जपमाळ हिरवी, मण्यांवर चकाकी. डोक्यापाशी त्या दिवशी ठेवलेला प्लास्टिकचा गुलाब, लाल, कालच दुकानातून आणल्यासारखा. वर बारा वर्षांत जे जे मेलं होतं, त्यातलं खाली काहीच मेलं नव्हतं, एमिल्डा सोडून. ते सगळं त्या अंधारात रंग धरून बसलं होतं, आणि कोणाची वाट पाहत असावं असं त्याला वाटलं.

बरगड्यांमध्ये कार्ड होतं. त्याने अंगठ्याने माती काढली. एमिल्डा. पूर्ण चेहरा, केस, कपाळ, डोळे. नुकतंच कोणीतरी पकडून आणल्यासारखी, आणि कशाबद्दल ते अजूनही न सांगितलेली.

ती रागावलेली नव्हती. लाझर खड्ड्यात बसून राहिला. वरून पास्कलनी विचारलं, काही अडचण आहे का. तो नाही म्हणाला.

अस्थी पांढऱ्या कापडात बांधून त्याने वर दिल्या. मग कार्ड दातांत धरून तो स्वतः वर आला. एवढ्यात जसिंताबाई फाटकातून आत येत होत्या. तराफे गुंडाळून त्या निघाल्या होत्या, पिंप न्यायला आल्या होत्या. कुदळ काढताना उघड्या राहिलेल्या कोठीत त्यांनी ते हलवून बघितलं होतं, आणि ते हलकं लागलं होतं. मधली रांग बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग धावत येऊन त्यांनी एका चक्राला हात लावला, ते बसलं, आणि अंत्यविधीच्या माणसांमध्ये बाई आनंदाने हसल्या. सहा महिने खाडीत जे झालं नाही ते इथे झालं होतं. त्यांनी भिंतीवर बोट ओढलं, बोट हुंगलं, आणि वळून विचारलं, "चुना कोणी लावला?"

लाझरचं लक्ष कार्डाकडे होतं. कडेला थोडी माती राहिली होती. त्याने सवयीने खांद्यावरचं फडकं ओढलं, तेच, आता पांढरं झालेलं, आणि चेहऱ्यावर टेकवणार, तोच बाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"याने पुसू नका," त्या म्हणाल्या. मग फडक्याकडे, क्रूसाशेजारच्या बादलीकडे आणि खोबणीतल्या रिकाम्या चौकोनाकडे त्यांनी पाळीपाळीने बघितलं, आणि त्यांचं हसणं थांबलं. "रोज पुसत होता?"

लाझरने मान डोलावली.

सगळं तिथेच, सगळ्यांसमोर निघालं. पिंप, किल्ली, टूथपेस्ट. पास्कल काही बोलणार होते, पण खड्डा वडिलांसाठी तयार होता आणि कप्यारशिवाय तो कोणी बुजवणार नव्हतं. अच्चननी आकाशाकडे बघितलं. उद्या दुपारी प्रार्थनेला कोणी येणार नव्हतं. बर्तिल्ला म्हणाली, म्हणजे फिलिप्पोसला माझं काही वाईट वाटलं नव्हतं तर. यात थोडी निराशा होती.

एमिल्डाच्या अस्थी लाझरने विहिरीत सोडल्या, बाकीच्यांवर, जिथे नावं लागत नाहीत. साडी आणि गुलाब बाईंना नमुना म्हणून हवे होते. त्याने दिले नाहीत. कार्ड त्याने ब्लाउज नसल्यामुळे शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मग त्या दिवशी होडीत विचारायच्या राहिलेल्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न त्याने बाईंना विचारला: हे थांबवता आलं असतं का.

"त्यात काय," जसिंताबाई म्हणाल्या. "तिला ऊन लागतं. वरून साध्या चुन्याचा एक हात दिला असता, की थांबलं असतं."

कोठीत साध्या चुन्याचं अर्धं मडकं उरलं होतं.